सगळ्या गावाची एक जून

एका आरोग्य केंद्रातली झाडून सगळी बाळं एकाच दिवशी जन्मली आणि सगळ्यांची नावंही एकच निघाली. हा चमत्कार देवानं केला नाही, मी केला. संगणकावर.

माझी नात हल्ली संगणकाचाच उद्योग करते. मोबाइलमधलं कुठलं बटण कुठं असावं हे लोकांना विचारून ठरवते. परवा मला म्हणाली, "आजी, वापरणाऱ्याचं ऐकावं लागतं गं, तुला नाही कळायचं." मला ते कळायला सरकारी नोटीस लागली होती, हे तिला कुठं माहीत!

बुलढाण्याला तेव्हा संगणक नवा होता आणि त्याची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही. एसीच्या गारठ्यात शाल पांघरून मी बसलेली असायची. मूळची त्याच जिल्ह्यातली, घाटाखालच्या गावाची, पण पुण्याहून डिप्लोमा करून आलेली. 'मले-तुले' जिभेवरून खरवडून काढलं होतं. कुणी दारातून डोकावलं की मान अशी वळवायची, जणू यंत्राला मीच नऊ महिने वाहिलंय. तेव्हाची ती पोरगी आज समोर आली तर मी आधी तिची शाल ओढून घेईन.

लहान मुलांच्या लसीकरणाचा कार्यक्रम मी तयार केला होता. बाळाचं नाव टाका, जन्मतारीख टाका, की पुढच्या सगळ्या डोसांच्या तारखा यंत्र आपोआप सांगणार. एका आरोग्य केंद्रात तो प्रयोगासाठी लावला. महिन्याभरानं मी तिथल्या नर्सबायांकडून अभिप्रायही मागवला. पाच प्रश्न, खाली सही, आणि कागदाच्या डोक्यावर आमच्याच मोठ्या साहेबांच्या कार्यालयाचा शिक्का. सगळ्यांनी पाचही ठिकाणी लिहिलं, 'छान आहे.' मी तो गठ्ठा छातीशी धरून साहेबांकडे नेला. शिक्क्याखाली सही करून कोण 'भिकार आहे' लिहिणार, एवढी अक्कल मला नव्हती.

मग एक दिवस डोसांची यादी छापली. प्रिंटर करकरत राहिला, कागद जमिनीवर लोळला, आणि साहेबांनी तो उचलून वाचायला घेतला. बेबी, एक जून. बेबी, एक जून. बेबी, एक जून. टोकापर्यंत.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. "गावातल्या सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या?"

नोंदी करणारी नर्सबाई कोण ते बघितलं. वीस-बावीस वर्षं पायी गावं हिंडलेली बाई. तिच्या बढतीचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता. साहेबांनी तो बाजूला सारला. "खोट्या नोंदी. नोटीस काढतो. बढती राहू दे आता. तुम्ही जाऊन खात्री करा आणि आठवड्यात अहवाल द्या."

मी एसटीत बसले ती दात-ओठ खातच. माझ्या इतक्या देखण्या कार्यक्रमाची अशी विटंबना! कार्यक्रमाची फ्लॉपी वाकू नये म्हणून वहीत घालून वही मांडीवर धरलेली. धामणगाव बढ्याच्या थांब्यावर चढलेल्या एका बाईनं भाजीची पाटी माझ्या मांडीला टेकवली तर मी अशी किंचाळले, की कंडक्टरनं घंटीच मारली.

केंद्रात पोचले तर नर्सबाई स्टूल सरकवत म्हणाली, "या मॅडम. बरं झालं आल्या. लाइट आहे तवर बसा. तासाभरात जाते."

मी तिला शुद्ध मराठीत सुनावणार, तोच एक बाई कडेवर बाळ घेऊन आली. नर्सबाईनं खुर्ची सोडली. "तुमीच भरा आज. मी पाह्यतो."

छान. मी बसले. पहिला रकाना: बाळाचं नाव.

"बारसं नाही झालं अजून," बाई म्हणाली. "आत्या यायची आहे."

रिकामं सोडून पुढे जावं तर यंत्र टुंग वाजलं. अर्धवट माहिती ठेवून कुणी पळू नये म्हणून ती सोय मीच केलेली. बाहेर पडायची कळही मीच बंद करून ठेवलेली. नाइलाजानं लिहिलं: बेबी. नर्सबाईनं पदर तोंडाला लावला.

"जन्मतारीख?"

"तान्हा पोळा होता."

"तारीख सांगा."

"सांगतली ना! तान्ह्या पोळ्याले. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारी आले होते, अन् मले कळा सुरू झाल्या."

"टाका मॅडम," नर्सबाई म्हणाली. "तान्हा पोळा टाका."

टुंग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात बघावी तर ते नव्या वर्षाचं. मागच्या वर्षाची पानं चुलीत गेलेली. मागं सहा-सात बायका, पोरं रडतायत, एक म्हातारी विचारतेय, "हे टीव्ही कवा लागते वं?" आणि पडद्यावर मी मोठ्या हौसेनं लुकलुकत ठेवलेली अक्षरं: तारीख चुकीची आहे.

"अन् हे अक्षर मले डोळा काऊन मारून राह्यलं?" नर्सबाईनं विचारलं. "मी दोन पोराइची माय आहो."

मी चिडून म्हणाले, "मग तुम्ही काय करता?"

"एक जून टाकतो. शाळेत गुरुजी काय करत? मायले तारीख नाही आली का लिव एक जून. तुमची मशीन त्या गुरुजीसारखीच. एक जून म्हटलं का चुपचाप पुढं सरकते."

"म्हणजे मुलांना डोस कसे मिळतात?"

तिनं पिशवीतून एक वही काढली. कोपरे झिजलेले, रेघा हातानं मारलेल्या. गल्लीवार, कारण ती गल्लीनंच हिंडायची. मग आईचं नाव, मग बाळ कधी झालं ते बाईनं सांगितलं तसं: तान्हा पोळा, गौरी उठल्या त्या दिवशी, नवरात्रातली दुसरी माळ. समोर डोसांच्या खुणा. एकही बाळ सुटलेलं नव्हतं. घरी बसून जुन्या पंचांगावरून ती तारखा काढायची आणि त्या बेतानं पुढच्या आठवड्याच्या गल्ल्या ठरवायची.

"हे तुम्ही अभिप्रायात का नाही लिहिलं?" मी अक्षरशः ओरडले. "पाच-पाच वेळा छान आहे लिहिलंत!"

"साहेबाच्या कागदावर अजून काय लिव्हू?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "मॅडम, माह्या नावानं नोटीस निघून राह्यली म्हणतात. खरं आहे का हो? हा एकच चान्स होता माह्या बढतीचा. पुढच्या खेपेले वय निघून जाते."

उत्तर द्यायच्या आत लाइट गेली. यंत्र विझलं, आणि बाळ बेबीपुरतंच उरलं.

परतीच्या एसटीत मी अहवाल मनातल्या मनात लिहून काढला. 'नोंदी भरणाऱ्याची चूक.' अक्षर सुबक, भाषा पुणेरी, माझ्यावर डाग नाही. खोटं कशाला बोलू, दोन दिवस तो कागदावर उतरून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मागितला. तोवर नोटीस टाइप होऊन सहीला आली होती, ती त्यांच्या हाताखाली दिसली, आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, एक जून त्यांनी नाही टाकली. माझ्या कार्यक्रमानं त्यांच्याकडून टाकून घेतली."

"पण अभिप्राय तर सगळे छान होते."

"शिक्का तुमचा होता, साहेब."

साहेबांनी नोटीस पुढ्यात ओढली. नोटीस वाया गेली नाही. नाव बदलून मला मिळाली.

त्यानंतर त्या कार्यक्रमापायी मी किती वाऱ्या केल्या ते विचारू नका. मी पडदा बदलायची, नर्सबाई नाक मुरडायची. गल्ली वर आणली तर म्हणे, आईचं नाव दिसत नाही. आईचं नाव मोठं केलं तर म्हणे, एवढं मोठं तर लग्नाच्या पत्रिकेतही नसते. बाळाचं नाव नंतर भरायची सोय केली. सण आणि तिथी निवडली की तारीख आपोआप यावी म्हणून मागच्या तीन वर्षांची पंचांगं एकेक दिवस करून टाइप केली. बोटं झिजली, डोळे गेले. अक्षरांचं डोळा मारणं बंद केलं. तर ती म्हणाली, "आता लइच गपगार झालं. थोडंसं काही तं हलू द्या." मी कपाळ बडवलं. ह्या बाईला शिक्क्याखालचा फॉर्म दिला होता तेच बरं होतं, असंही एकदा वाटून गेलं.

तिच्या बढतीचा आदेश निघाला तेव्हा ती बुलढाण्याला तो न्यायला आली. आस्थापनेच्या टेबलावर एका बाजूला तिचा आदेश, दुसऱ्या बाजूला माझं सेवा पुस्तक. ताकीद मिळाली त्याची नोंद करायला बाबूंनी ते उघडलेलं. तिनं सही करता करता मान वाकडी केली, पहिलं पान वाचलं, आणि पेन तसंच धरून हसत सुटली. मी पुस्तकावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"मॅडम, तुमची बी एक जूनच काय हो?" ती म्हणाली. "तरीच म्हटलं, मशीनले ते तारीख इतकी गोड काऊन लागते!"