माळावर वाळवलेली पुस्तकं

अण्णा गेल्याची तार निपाणीला आली तेव्हा दारात उभी राहूनच मी ती दोनदा वाचली... त्याला आता महिना होईल. माझा हा थोरला भाऊ बेळगावात चित्रकला शिकवायचा. तरुणपणी त्यानं एकही प्रदर्शन पाहिलं नव्हतं. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं त्याला भेटली ती गावातल्या वाचनालयात, छापील पुस्तकांत. सुटीच्या दिवशी तिथं बसला की जेवायला उठवायला मला जावं लागे.

प्लेगच्या साली सगळं गाव बाहेर पडलं. आम्हीही पिरनवाडीच्या अलीकडं माळावर झोपडी घातली होती. तिथंच कळलं, की वाचनालयात उंदीर मरून पडलेत आणि उद्या कपाटांसकट सगळं जाळणार आहेत. अण्णा भाकरी टाकून उठला. आई आडवी आली. "पुस्तकंच लई झाली व्हय रं? आनि आमी?"

तो तिच्या बाजूनं निघून गेला.

पुढचं त्यानंच नंतर सांगितलं. जाळायला आलेल्या अंमलदारानं विचारलं, "मास्तर, तुम्हालाच गाठ आली तर?"

"तर मला जाळा. पुस्तकं कडक उन्हात घालतो, तेवढी सोडा."

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी अंमलदार कबूल झाला, पण आठ दिवस माणसांत यायचं नाही या अटीवर.

लांबच्या एका माळावर अण्णानं एकट्यानं पुस्तकं पसरली. काठीनं पानं उलटायची, वाऱ्यानं मिटली की पुन्हा उघडायची. मी खडकावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवून परत फिरायची. चौथ्या दिवशी आदल्या दिवशीची भाकरी तशीच होती. अण्णा बाभळीखाली आडवा पडला होता. मी धावले.

"तिथंच थांब गं! ताप हाय."

"गाठ?"

त्यानं काखेत हात घातला. किती वेळ चाचपत होता... "अजून न्हाय."

दोन दिवस आईला मी 'जेवला' असं खोटंच सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी खडकावर नुसतं फडकं दिसलं, तेव्हा तिथंच बसून रडले. ताप उन्हाचा होता. आई मात्र वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही.

परवा त्या वाचनालयात गेले आणि त्याच्या आवडीचं, चित्रांचं सगळ्यांत जाडजूड पुस्तक मागितलं. पानं पिवळी पडलीत, शिवणीत तांबडी माती अडकलीय. तिथल्या माणसानं फडकं घेतलं. "पुसून देऊ, आक्का?"

"राहू दे रं," मी म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.