लिफ्टच्या जागेतलं देवघर

दादाजी निंबार्ते यांचे पाय बहात्तराव्या वर्षीही धड आहेत, आणि त्यांच्या घरातली सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते. भंडाऱ्यातल्या ‘सुखधाम’ अपार्टमेंटचे एकोणसाठ दगडी पायऱ्यांचे तीन जिने हा माणूस हातात भाजीची पिशवी घेऊन, मध्ये कुठेही न टेकता चढतो. आणि त्यांची बायको मंदाबाई त्याच तिसऱ्या माळ्यावर तीन वर्षं अडकून पडलेली. दोन्ही गुडघे गेले, शुगर आहे, हृदय नाजूक. डॉक्टरनं ऑपरेशनचं नावसुद्धा काढू दिलं नाही. वॉकर धरून स्वयंपाकघर ते गॅलरी, एवढंच तेव्हा तिचं जग.

तशी इमारत वाईट नाही, खोटं कशाला बोलायचं? नऊ इंची भिंती. बायपासला नव्या बिल्डिंगी झाल्यात, तिथं खिळा ठोकला की शेजारच्याच्या कॅलेंडरला भोक पडतं. इथं भर मे महिन्यात दुपारी फरशीवर चटई टाकून झोपा, अंगाला गारवा लागतो. खोल्या ऐसपैस, गॅलरीत चार माणसं जेवायला बसतील. आणि शेजार तर असा, की तळमजल्यावरच्या ताराबाईकडे अर्ध्या बिल्डिंगच्या चाव्या टांगलेल्या असतात. एकेकाळी उन्हाळ्यात गच्चीवर मंदाबाईचं राज्य असे. कुरडया कुणी कुठं घालायच्या, पापडाला ऊन कुठलं, कुणाची सून हात चालवते आणि कुणाची नुसतं तोंड, सगळं तिच्या शब्दावर. पण तीस वर्षांत भिंतींनी ओल धरली, छताची रेती भाजीत पडायला लागली. आणि लिफ्ट नाही.

लिफ्ट का नाही, हे मात्र दादाजींनाच विचारा. नाही, नका विचारू. मीच सांगते.

बांधणाऱ्यानं लिफ्टसाठी खालपासून वरपर्यंत चौकोनी खड्डा सोडलेला होता. इमारत नवी होती तेव्हा गच्चीवर पहिली मीटिंग झाली. सगळे आंधळगाव, मोहाडी, नाहीतर सिहोऱ्याकडून नोकरीसाठी आलेले, धानाच्या चिखलातून पाय काढून पहिल्यांदाच फ्लॅटात राहायला गेलेले. दादाजी तहसीलीत बाबू. अक्षर चांगलं म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी. ते उभे राहिले आणि म्हणाले, “आपल्या बापायनं धानाचं पोतं डोक्यावर घेऊन शिडी चढली. अन आपण डब्यात बसून घरी जाचं म्हणता? पाय धड हायेत तवरी लिफ्ट कायले पाहिजे?” टाळ्या पडल्या. लाइट जाते, माणूस मध्येच अडकते, हेही कुणीतरी जोडलं. ठरलं, की दर माळ्यावर त्या खड्ड्याला स्लॅब टाकायचा आणि तेवढी खोली काढायची. माळ्यावरच्या दोन घरांत चिठ्ठी टाकली. तिसऱ्या माळ्याची चिठ्ठी दादाजींची निघाली.

त्यांनी तिथं देवघर केलं. आंधळगावहून आईनं आपल्या हातानं देव आणून बसवले, पितळेचे पाच आणि एक शेंदूर फासलेला गोटा. बसवताना बजावलं, “आता उठवू नको गा. देव उठले का घर उठते.” आई गेली, शब्द राहिला.

मंदाबाईचं उतरणं बंद झालं तेव्हा तिनं गॅलरीतून दोरीला पिशवी बांधली. सकाळी पिशवी खाली सोडायची, ताराबाईनं भाजीवाल्याकडून वांगी, मेथी घेऊन टाकायची, वरून मंदाबाईनं ओढायची. कधी भाजीऐवजी ताराबाईनं केलेली अळूची वडी यायची, कधी नुसता निरोप. एवढ्यानं दिवस निघायचा. पण एक गोष्ट पिशवीतून वर येणार नव्हती, ती म्हणजे तिची बहीण.

शकुनबाई, मंदाबाईहून दोन वर्षांनी मोठी, सिहोऱ्याची. दिवाळीनंतर सिहोऱ्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा भरली, की मंदाबाईनं जायचंच, अशी लग्नापासूनची रीत. घर पाहुण्यांनी भरायचं, रात्री दंडारीचा खेळ रंगायचा, आणि ह्या दोघी मात्र मागच्या खोलीत एका गोधडीत पहाटेपर्यंत बोलत राहायच्या. इतकं काय बोलत असतील बाप्पा, घरच्यांना कधी कळलं नाही. गुडघ्यांनी ती रीत मोडली. मग एकदा शकुनबाईच भंडाऱ्याला आली, पण तिला दमा. पहिल्या माळ्यावरच धाप लागली, परत उतरली. शेवटी ती खाली अंगणात खुर्चीवर आणि ही वर गॅलरीत, अशी दोघींची भेट झाली.

“वाळली वं मंदे तू!”

“तूच वाळली! औषध घेऊन राहिली का नाई?”

सगळी बिल्डिंग ऐकत होती. जे पहाटे गोधडीत बोलायचं, ते ओरडून कसं बोलणार? अर्ध्या तासात दोघी गप्प झाल्या, आणि एकमेकींकडे नुसत्या बघत बसल्या.

त्याच रात्री मंदाबाईनं तोंड उघडलं. “लिफ्ट करा जी. मले खाली न्या एकडाव.”

दादाजींनी मीटिंग बोलावली, ती आपल्याच घरी. मंदाबाई आत खाटेवर, दार उघडं. पहिल्या माळ्यावरच्या तेजरामनं लगेच मान डोलावली. त्याच्या खोलीत धान्याचे ड्रम होते, ते कुठंही मावले असते. दुसऱ्या माळ्यावरचा धनंजय म्हणाला, “काका, त्या खोलीत माही गुड्डी अभ्यास करते. पण देतो मी, पोरगी हॉलमध्ये बसेल. फक्त मिस्त्री म्हणते का तोडणं वरून सुरू करा लागते. तुम्ही देव उठवता का?”

सगळे दादाजींकडे बघायला लागले. दादाजी पायाच्या अंगठ्याकडे. आईचा आवाज कानात होता, आणि खरं सांगायचं तर त्याहून खाली आणखी एक गोष्ट होती. तीस वर्षांपूर्वी टाळ्या घेतलेला माणूस आज चुकलेला ठरणार होता.

“बसवलेले देव हायेत गा,” ते म्हणाले. “पाहू.”

मेली ना गोष्ट! सोसायटीत ‘पाहू’ म्हटलं, की तिचं तेरावं घालावं. धनंजय उठला, तेजराम उठला, चपलांचा आवाज जिन्यातून खाली गेला. दादाजी आत गेले तेव्हा मंदाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“चहा ठेवा,” ती एवढंच म्हणाली.

रायपूरहून मुलगी रीता फोनवर भांडायची. “बाबा, विकून टाका तो फ्लॅट, खालचा घ्या!” विकायला काढलाही होता. गिऱ्हाइकं यायची, तिसऱ्या माळ्यावर पोचेपर्यंत धापा टाकायची, गारवा छान आहे म्हणायची, पाणी प्यायची आणि जायची. पुन्हा कुणी फोन करत नसे.

मग गेल्या वर्षी, मंडईला चार दिवस उरले होते, सकाळी नऊला सिहोऱ्याहून शकुनबाईच्या मुलाचा, धर्मेंद्रचा फोन आला. “मावशी, आईचं काही खरं नाई. लवकर ये.”

मंदाबाईनं लुगडं बदललं, डोक्याला तेल लावलं, दाराशी खुर्चीवर बसली. “चला,” म्हणाली. चला म्हणजे कसं? तिला उचलून उतरवायला चार धडधाकट माणसं हवी. धनंजय कामावर, तेजराम मोहाडीच्या बाजारात, बाकी बिल्डिंगमध्ये म्हातारे आणि लेकुरवाळ्या. दादाजी आपले धड पाय घेऊन आपल्या आणि शेजारच्या इमारतीचे जिने चढले-उतरले, चौकात गेले, हमाल बघितले, कुणी मिळेना. अकरा वाजता पुन्हा फोन आला. शकुनबाई गेली होती.

“थांबतो मावशी तुह्यासाठी,” धर्मेंद्र रडत म्हणाला. “पण दिवस बुडायच्या आत न्या लागते.”

धनंजय अर्धी सुट्टी टाकून आला, तेजराम बाजार सोडून आला, आणखी दोघं धरून आणले. शेजार जुना होता म्हणून आले, हे विसरता येणार नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मंदाबाईला जुन्या लुगड्यानं बांधलं. जिन्याचं वळण अरुंद, खुर्ची दुसऱ्या माळ्यावर अडकली. मागं घे, पुढं घे, तिरपी कर. तिच्या कोपराचं सालटं भिंतीला राहिलं, ती ‘आई गं’सुद्धा म्हणाली नाही. अंगणात पोचायला तीन वाजून गेले. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. सिहोऱ्याच्या वेशीशी गाडी लागली तेव्हा माणसं घाटावरून आंघोळ करून ओल्या धोतरांनी परत येत होती.

घरात, जिथं शकुनबाईला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला होता. मंदाबाई त्या दिव्याशी बसली. तिनं हात जमिनीवर ठेवला, जणू फरशी अजून कोमट असेल. दादाजी दारात उभे होते. एकदा रडली असती तर बरं झालं असतं, त्यांना वाटलं. ती रडली नाही, आणि त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी भंडाऱ्याला परतले. चौघंजण खुर्ची घेऊन अंगणात तयार होते.

“मी वर नाई जात,” मंदाबाई म्हणाली.

“म्हणजे? काहून?”

तिनं जिन्याशेजारच्या बुटक्या दाराकडे बोट केलं. लिफ्टच्या खड्ड्याची तळमजल्यावरची ती खोली. गणपतीचं सामान, मोडके झाडू, गंजलेली मोटर. “तिथं माही खाट टाका.”

आधी सगळे हसले. मग हसू विरलं. ताराबाईनं मुकाट्यानं चावी आणली, केर काढला, फिनाइलनं फरशी पुसली. पाच फूट रुंद खोली, लोखंडी खाट तिरपी करून कशीबशी बसली. न्हाणी-संडासाला ताराबाईचं घर. मंदाबाई आत बसली आणि दार उघडं ठेवलं. येणारे-जाणारे दिसायला लागले, भाजीवाल्याशी तिनं तीन वर्षांनी स्वतः घासाघीस केली.

दादाजींनी समजावलं, रागावले, लोक काय म्हणतील तेही म्हणून झालं. मग वरण-भात करायला शिकले. पिशवी आता उलटी चालायची. वरून डबा खाली जायचा, खालून रिकामा डबा वर यायचा. रोज सकाळी ते देवघरात घंटी वाजवत, आणि त्यांना नको तितकं ठाऊक होतं, की त्याच खड्ड्याच्या तळाशी ती खाटेवर पडून वर बघत असेल. घंटी वाजवायचा हात जड व्हायला लागला.

एकविसाव्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, नारळ फोडला, आईची क्षमा मागितली. देव एकेक करून उचलले. जिथं गोटा होता तिथं शेंदराचा डाग राहिला. काही झालं नाही. घर तर आधीच उठून गेलं होतं. मंदाबाईच्या जुन्या लुगड्यात देव गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. समोर जाऊन द्यायची छाती झाली नाही, म्हणून दोरीनंच खाली सोडले.

“मंदे,” गॅलरीतून ते ओरडले, “देव उठवले मी! धनंजयले सांगतो आज. मिस्त्री आणतो.”

मंदाबाई वॉकर धरून अंगणात आली. पिशवीतलं गाठोडं काढलं, लुगडं उघडून बघितलं.

“मीटिंग झाली तवाच उठवले असते तं,” ती वर न बघता म्हणाली, “शकुनचं तोंड पायलं असतं मी.”

ताराबाई दारात होती, ती आत गेली.

“ठेवते माह्यापाशी,” मंदाबाई म्हणाली. “देवायलेई तीस वर्षं खाली उतरता नाई आलं.”

“अन मी?” दादाजी कठड्यावरून वाकले. “मी वर एकटा काय करू वं?”

तेव्हा तिनं मान वर केली. रागानं नाही, राग असता तर त्यांना परवडला असता.

“तुमचे पाय धड हायेत ना जी,” ती म्हणाली. “जेवाले खाली येत जा.”

ती देव घेऊन आत गेली. दादाजींनी रिकामी पिशवी हळूहळू वर ओढून घेतली.