गिअर टाकताना सासरे

यंत्रांची बाजू घेऊन माणसांवर चिडणारा माझ्या सासऱ्यांसारखा गृहस्थ पुण्यात दुसरा नाही. आणि पुण्यात चिडणाऱ्यांचा तुटवडा आहे, असं कुणी म्हणणार नाही. जन्मभर कारखान्यात गिअर तपासल्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक गाडी ही आपली माहेरवाशीण आणि ती चालवणारा म्हणजे तिला छळणारा, असा त्यांचा ठाम समज. एकदा मंडईतून येताना ते रिक्षावाल्यावर गरजले, "एवढ्या गर्दीत तिसरा गिअर? दुसरा टाक, नाहीतर मी उतरतो!" त्याने शांतपणे रिक्षा थांबवली. मग भाजीच्या तीन पिशव्या आणि संतापलेल्या सासूबाई यांच्यासह ते नारायण पेठेपर्यंत पायी आले.

गेल्या वर्षी माझ्या गाडीत गिअर बदलताना खर्र असा आवाज येऊ लागला. वर्कशॉपमधल्या माणसाने बॉनेटही न उघडता सांगितलं, "सर, पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल." सासऱ्यांना हे कळलं आणि घर हादरलं. "दात दुखला तर डोकं बदलून घेणार का, जावईबापू? चला, मी ऐकतो!"

आम्ही कात्रजच्या दिशेने निघालो. त्यांनी एसी बंद करवला, काचा लावून घेतल्या, मला खोकायचीही बंदी केली. मी गिअर टाकला. खर्र!

"अहो, टाका ना गिअर!"

"टाकला."

"मग आवाज कुठाय?"

असं चारदा झालं. पाचव्यांदा ते ओरडले, "तुम्हाला साधा गिअर टाकता येत नाही!" आणि माझाही तोल गेला. गाडी कडेला घेऊन मी ओरडलो, "बाबा, सगळ्या रस्त्याला ऐकू जातोय तो आवाज! तुम्हालाच ऐकू येत नाहीये!"

त्यांनी गिअरच्या दांडीवर आपला तळहात ठेवला. "आता टाका. हळू." पहिला, दुसरा, रिव्हर्स. "सगळेच अडतायत. म्हणजे दोष गिअरचा नाही, क्लच पुरता दबत नाहीये. पाय काढा." ते वाकले आणि पेडलखाली दुमडून बसलेली नवी, जाडजूड चटई त्यांनी खस्सकन ओढून काढली. मी पुन्हा गिअर टाकला. आवाज नाही. "आणि ते वर्कशॉपवाले गिअरबॉक्स बदलायला निघाले होते, गाढव!" एवढं मात्र ते जोरात म्हणाले.

परतताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दीड वर्ष झालं. हिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. सासूबाईंना ते आधीच ठाऊक होतं. म्हणून तर त्या हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या. कानाच्या डॉक्टरांकडे ते आणि मी, दोघेच गेलो. मिळालेलं यंत्र "जोडणी सदोष" म्हणून त्यांनी खोलून ठेवलं, ते अजून तसंच आहे. त्यामुळे मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलतो, तेही माझ्याशी मोठ्यानं बोलतात. सासऱ्या-जावयाचं रोज कडाक्याचं भांडण होतं, असं शेजारी समजतात. समजू देत. दोन दिवस फिरकलो नाही, तर त्यांचाच फोन येतो, आणि तो मला कानापासून हातभर लांब धरावा लागतो.