ठिणगीची पारख

पालमच्या बाजारात बसणारा तो लोहार लोखंड ठिणगीवरून ओळखायचा. आईच्या खुरप्यासाठी मी दुकानातून मुद्दाम कोरी, चकचकीत पट्टी नेली होती. त्यानं ती धारेच्या फिरत्या चाकाला टेकवली, एक डोळा बारीक केला आणि बाजूला ठेवून दिली.

"लय कच्चं हाय, ताई. ठिणगीला फुलंच न्हाईत."

मग भंगारातला ट्रकचा जुना कमानपाटा टेकवला, तर फुलबाजीच उडाली. "ह्याचं करू खुरपं."

मी आधी हिरमुसले, मग हसूच आलं. त्याला म्हटलं, माझंही काम हेच. ताऱ्यांचा उजेड बघून त्यांच्यात लोखंड किती ते सांगायचं. सगळ्यात जुन्या ताऱ्यांत ते अगदी नावाला असतं.

"तेवढं तरी कुठून आलं?"

"त्यांच्याही आधीचे तारे फुटले, त्यांच्यातून."

"अन् आपलं हे?"

"तेही फुटलेल्या ताऱ्यांचंच."

चाक थांबवून तो माझ्या कोऱ्या पट्टीकडे बघत राहिला. मग मिशीत हसला.

"म्हंजे समदं भंगारच की! मग त्या दुकानदारानं तुमाला हे नवं म्हणून कसं काय इकलं?"