भिंतीकडची कूस

वडिलांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, तेव्हा आम्ही तो मनावर घेतला नाही. डावा खुबा मोडून ते अंथरुणाला खिळले होते. ऑपरेशन झेपणार नाही म्हणून लातूरहून परत पाठवलेले. डाव्या कुशीवर निजता येत नव्हतं, आणि उजव्या कुशीवर वळवलं की तोंड भिंतीकडे. त्यात बघायला येणाऱ्यांची रीघ. रेणापूरकडच्या आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणंच.

अंगणात चप्पल वाजली की वडील म्हणायचे, "मला उताणं कर. मानसं भेटाय आल्यात, अन मी काय भिताडाकडं तोंड करून पडू?"

मी करायचो. खाट उलटी फिरवली असती तर उजवी कूस दाराकडे आली असती. पण मग डोकं उत्तरेला गेलं असतं, आणि तसं फक्त मढं निजवतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी खाट फिरवा म्हणायला माझीच जीभ रेटली नाही.

डाग फुटला आणि त्यावर काळी, कडक खपली धरली. मला आनंद झाला. बायकोला म्हणालो, "सुकायलंय बघ." वडीलही म्हणाले, दुखत न्हाई. पुढे वास येऊ लागला, तेव्हा आम्ही उदबत्ती लावली. रोग म्हशीला, औषध पखालीला.

शेवटी लातूरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने खपलीची कड उचलली आणि कापायला सुरुवात केली. वडील हललेसुद्धा नाहीत. मेलेल्या मांसाला काय दुखणार? खाली सुकलेलं काहीच नव्हतं. पिवळं, बुळबुळीत मांस आणि तळाशी हाड. माझी मूठ मावली असती. कात्री जिवंत मांसाला लागली, थेंबभर रक्त आलं, वडील कळवळले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे चांगलं आहे." त्या सगळ्या दिवसांत चांगलं म्हणावं असं तेवढंच घडलं.

पट्टी बांधताना सिस्टरनं विचारलं, "दर दोन तासाला कूस बदलत नव्हता काय?" मी पाहुण्यांचं, भिंतीचं, उत्तरेचं सगळं सांगितलं.

"मग खाट भिताडापासून ओढायची, अन पाव्हण्यास्नी तिकडल्या अंगाला खुर्च्या टाकायच्या की, सर."

एवढंच होतं. घरातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मला त्या बाईचा फार राग आला. स्वतःवर चिडण्यापेक्षा तिच्यावर चिडणं सोपं होतं.

घरी येऊन खाट मधोमध ओढली, भिंतीच्या बाजूला चार खुर्च्या मांडल्या. पण आता उदबत्तीलाही न जुमानणारा वास होता. लोक उंबऱ्यावरूनच "बरं हाय का?" विचारून परतायचे. वडील त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत पडून असायचे. मी शाळेतून आलो की एका खुर्चीत बसायचो, तर म्हणायचे, "तू हाईसच की रं. दुसरं कोन आलं न्हाई का?"

जखमेचं विष अंगात भिनलं आणि ते गेले.

खाली घेताना चुलते म्हणाले, "डोकं उत्तरंला करा." मी केलं. खोली माणसांनी गच्च भरली होती, आणि वडील उताणे होते.