कोफीचा धाकटा भाऊ का आला नाही

सीझन सुरू झाल्यापासून पेठेत रोज कुणीतरी मला अडवतो आणि विचारतो, "काय रं सुन्या, कोफीचा भाऊ येणार हुता न्हवं? काय झालं?" चहाच्या गाड्यावर विचारतात, सलूनमध्ये विचारतात, परवा तर मयताला गेलो तिथंही एकानं विचारलं. सुरुवातीला मी "व्हिसाचं काय तरी लफडं झालं" असं सांगून सुटका करून घेतली. पण असले किस्से आपण गोळा करत नाही, ते आपोआप साठतात, आणि माझ्याकडं आता ठेवायला जागा उरलेली नाही. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो. ज्याला राग येईल त्याला खुशाल येऊ दे. मला आधीच आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोफी घानाचा. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये पाच सीझन फॉरवर्डला खेळला. मी शिवाजी पेठेतला, हाफला खेळतो, एरवी एमआयडीसीत फाउंड्रीत असतो. गोलकीपर मिलिंद, हुपरीकडच्या एका गावातून रोज मोटरसायकलवरून प्रॅक्टिसला येतो. आम्हा तिघांचं मैदानावर जेवढं जमायचं त्यापेक्षा मैदानाबाहेर जास्त जमायचं. आणि आबा म्हणजे आमच्या तालमीचे अध्यक्ष. भावाचं नाव आता तेही काढत नाहीत; त्यांच्याबद्दल पुढं येईलच.

*

कोफी आला त्या वर्षी त्याच्यासाठी खोली शोधायचं काम माझ्यावर आणि मिलिंदवर आलं. एका घरमालकांना परदेशी खेळाडू म्हटल्यावर फार आनंद झाला. त्यांनी खोली दाखवली, नळ दाखवला, गच्ची दाखवली आणि वर चहा पाजला. "आमच्या घरात परदेशी पावणं ऱ्हानार म्हंजे गल्लीत आमचीच हवा की," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोफीला बॅगांसकट घेऊन गेलो. मालकांनी दार उघडलं ते अर्धंच. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आरं, परदेशी म्हनला हुतास न्हवं?"

"मग हा काय कागलचा वाटतो तुम्हाला?"

"तसं न्हवं बाळ. मला वाटलं गोरा असंल."

मी तिथंच भांडणार होतो. मिलिंदनं मला ओढत गल्लीच्या बाहेर आणलं. तो चक्क हसत होता. म्हणाला, "मला आडनाव विचारून झाल्यावर खोली न्हाय म्हनत्यात. कोफीचं बरं हाय, आडनावापतूर जावंच लागत न्हाय."

*

तिसऱ्या सीझनला फायनलमध्ये कोफीनं दोन गोल मारले. पेठेनं त्याला खांद्यावर घेतला, गुलालात बुडवला. लोकांनी आपली तान्ही पोरं त्याच्या हातात देऊन फोटो काढले. त्याचा फोटो छापलेले टी-शर्ट दोन दिवसांत निम्म्या पेठेच्या अंगावर आले. मलाही वाटलं, चला, जिंकलं एकदाचं पोरानं कोल्हापूर.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं बसनं निघालो होतो. तो खिडकीशी बसला होता, मी पुढच्या सीटवर. बस खच्चून भरली तरी त्याच्या शेजारची जागा रिकामीच. लोक दांडीला लोंबकळतायत, पण बसायला कुणी तयार नाही. एक पोरगा तर अगदी त्या सीटला टेकून उभा होता. मी म्हटलं, "बस की रं, जागा हाय."

"ऱ्हाऊ दे दादा. हितंच उतरायचंय."

हा पठ्ठ्या शेवटच्या स्टॉपला उतरला. आणि त्याच्या छातीवर कोफीचा फोटो होता!

*

पाचव्या सीझनला कोफीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. आम्ही आलटून पालटून दवाखान्यात थांबत होतो. मिलिंदची आई गावाकडनं डबा घेऊन यायची आणि कोफीनं तो संपवल्याशिवाय उठायची नाही. पेठेतले बाकीचे दोन दिवस दिसले, मग त्यांना कामं निघाली.

आबा आले चौथ्या दिवशी, द्राक्षं घेऊन. मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, माणूस आला. त्यांनी खुर्ची ओढली, प्लॅस्टरकडं बघितलं, च्यक् च्यक् केलं. मग एक द्राक्ष स्वतःच्या तोंडात टाकत म्हणाले, "कोफी, तुला धाकटा भाऊ हाय म्हनं?"

कोफी खूश झाला. घरच्यांविषयी कुणी विचारत नसे त्याला. म्हणाला, "हाय की आबा. क्वेसी. एकोणीस वर्षाचा."

"फॉरवर्डलाच खेळतोय काय?"

गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही. आणि क्वेसी खरोखरच फॉरवर्डला खेळतो, हे आमचं दुर्दैव. त्या दिवसापासून आबांच्या डोक्यात क्वेसी आणि क्वेसीच्या डोक्यात कोल्हापूर.

*

कोफी घानाला परतला. चालायला लागला, लहान पोरांना फुटबॉल शिकवायला लागला आणि दीड वर्षानं त्यानं लग्नाला बोलावलं. मी आणि मिलिंदनं तिकिटं काढली. तिकडं जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, ती पुण्याला जाऊन घेतली. एवढं केलं तर घरात आणि गल्लीत सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. माझे एक काका म्हणाले, "लोकं लंडनला जात्यात, दुबईला जात्यात. तुमास्नी आफ्रिकाच गावली व्हय?"

मी म्हटलं, "काका, मित्राचं घर आहे तिथं."

"आनि लस कशाला?"

"तिकडं जायचं तर घ्यावीच लागते."

काका विचारात पडले. मग म्हणाले, "आनि त्यो हिकडं ऱ्हायला तवा आमास्नी कुनी दिली न्हाय ती लस?"

काका आहेत म्हणून गप्प बसलो. अजून पस्तावतोय.

निघायच्या आदल्या दिवशी आबांनी तालमीत बोलावलं. आम्हाला वाटलं, कोफीच्या लग्नाचा आहेर देतायत. त्यांनी दहा नंबरची जर्सी हातात ठेवली, पाठीवर क्वेसीचं नाव छापलेली. म्हणाले, "जाताय तर नुसतं जेवून येऊ नगा. आईला भेटा, गोड बोला, पोरगं ठरवूनच या. आन् आमी किती चांगलं सांभाळलं त्येबी सांगा."

बाहेर पडल्यावर मी मिलिंदला म्हटलं, "सांगणारच आहे. सगळं सांगणार आहे त्या माउलीला. खोलीपासून द्राक्षांपर्यंत. मग ती पाठवते का बघू धाकट्याला."

मिलिंद म्हणाला, "पयला कोफीला इचार. त्येची आई हाय, तुजी न्हवं."

*

कुमासीत उतरलो. कोफीचं शहर. तिथं गावात फिरायला शेअर-भाड्याची व्हॅन असते, आपल्या वडापसारखी. भरल्याशिवाय सुटत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही तिघं तसल्या गाडीत कोंबून बसलो. माझ्या शेजारी एक बाई आल्या, पाठीला एक मूल बांधलेलं, एक कडेवर, हातात पिशव्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कडेवरचं पोरगं सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. विचारलं नाही, काही नाही. आणि स्वतः पिशव्या लावायला लागल्या.

पोरगं माझी मिशी ओढत होतं. गाडीतले लोक हसत होते. मिलिंदही हसत होता. मला मात्र ती आमची बस आठवली आणि अशी चीड आली, की मी त्या पोराला घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसलो. कोफीनं विचारलं, "काय झालं रं? पोरगं मुतलं काय?"

मी म्हटलं, "व्हय."

*

कोफीची आई शाळेत शिकवायची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगलं. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या आणि ती आम्हा दोघांना मधे बसवून त्यांना कोल्हापूरचं कौतुक सांगत होती. मिलिंदच्या आईचा डबा तिला माहीत होता, भाकरीचंसुद्धा नाव पाठ होतं. ते ऐकून मिलिंदचे डोळे भरले. मग ती म्हणाली, "आणि काय मान त्या गावात! माझा मुलगा बसमध्ये चढला, की लोक उभे राहायचे. त्याला आख्खी सीट एकट्याला द्यायचे!"

शेजारणींनी माना डोलावल्या. एकीनं तर उठून माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कोफीला मी घरामागं गाठला. म्हटलं, "लाज वाटत नाही? आईशी खोटं बोलतोस?"

पाच वर्षांत आमची भाषा त्याच्या तोंडात चांगली बसली होती. म्हणाला, "खोटं काय बोललो? सीट मोकळीच हुती न्हवं?"

"कोफी, डोकं फिरवू नको माझं."

"आरं, खरं सांगितलं असतं तर रडली असती. मला परत बोलावलं असतं. मला खेळायचं हुतं. आनि सगळंच वाईट न्हवतं की. तू हुतास, मिल्या हुता."

"आणि क्वेसी? तो यायला निघालाय तुझ्या त्या मोकळ्या सीटवर बसायला! त्याला तरी सांगितलंस का?"

कोफी म्हणाला, "त्येला कसं सांगू? मी पाच वरीस त्येलाबी ह्येच सांगत आलोय. आता न्हाय म्हनलो तर त्येला वाटंल, गुडघा गेला म्हनून भाऊ जळतोय."

हे मला सुचलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "मग मी सांगतो."

"लगीन होऊ दे," तो म्हणाला. "मग तुला काय सांगायचं त्ये सांग. मी अडवनार न्हाय."

*

लग्न झालं. आम्ही कोफीला फेटा बांधला, नवरीच्या मामांनी तो मागून घेतला आणि दिवसभर उतरवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातलीच माणसं होती. मी ठरवलं होतं, जेवण झालं की बोलायचं.

कोफीच्या आईनं आमच्या हातांवर पाणी घातलं आणि मधे एक मोठं मातीचं वाडगं आणून ठेवलं. त्यात कंदांचा कुटलेला मऊ गोळा आणि त्यावर बकऱ्याचा लालभडक रस्सा. कोफी, क्वेसी, मिलिंद आणि मी, चौघांनी चारी बाजूंनी बसायचं आणि त्या एकाच वाडग्यातून खायचं. मी जरा घुटमळलो. मिलिंदनं सरळ हात घातला.

आई हसली. म्हणाली, "तुमच्याकडं वेगवेगळ्या ताटांत जेवतात, मला माहीत आहे. कोफीनं सांगितलंय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आबांचा व्हिडिओ कॉल. घराच्या पुढच्या सोप्यात ऐसपैस बसले होते. "काय रं, ठरलं काय? पोरगं कुटं हाय, दाव जरा."

मी फोन क्वेसीकडं फिरवला. "उंची बरी हाय," आबा म्हणाले. बैलबाजारात म्हणतात तसं. "आईला सांग, काळजी करू नगा म्हनावं. कोफीवानीच ह्योबी दुपारचं आमच्यात जेवंल. घरच्यागत ठेवू."

मी सांगितलं. तर आईनं फोनच माझ्या हातातून घेतला. तिला कधीपासून आबांशी बोलायचं होतं. पदर सावरावा तसा तिनं डोक्याचा रुमाल सारखा केला आणि सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "साहेब, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. तुमच्या घरी इतके लोक जेवायला यायचे, पण माझ्या मुलासाठी तुम्ही वेगळं ताट ठेवलं होतंत. दुसऱ्या कुणाला त्यात जेवू देत नव्हतात. तुमच्या भांड्यांत ते मिसळू नये म्हणून बाहेरच्या खिडकीत ठेवायचात. माझा मुलगा ते स्वतःच्या हातानं धुवायचा. परक्या देशात एवढा मान कोण कुणाला देतं?"

वाडग्यातला मिलिंदचा हात थांबला.

"काय म्हनत्यात बाई?" आबांनी विचारलं.

मी कोफीकडं बघितलं. मिलिंद म्हणाला, "सांग सुन्या. हाय तसं सांग. एक शब्द गाळू नगो."

मी सांगितलं. आबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"आणि त्यांना म्हणावं," आई म्हणाली, "धाकट्यालाही तेच ताट द्या."

मी तेही सांगितलं. मग कोफीनं रश्श्यानं भरलेला हात तसाच धरून मान पुढं केली आणि फोनमध्ये विचारलं, "आबा, ताट हाय न्हवं अजून खिडकीत? का टाकलासा?"

"हॅलो," आबा म्हणाले. "हॅलो, सुन्या? आवाज येत न्हाय. रेंज न्हाय बघ हिकडं. हॅलो."

कोफीची आई स्क्रीनकडं बघून हात हलवत होती. "मला तर ते अगदी स्पष्ट दिसतायत," ती म्हणाली.