उजवा खांदा

मैत्रिणीच्या दुकानाकडे बघायचं नाही असं ठरवूनच मी कॉलेज रोडला जाते आणि नेमकी त्याच बाजूच्या फुटपाथने चालते. काचेचं दार, आत एसी, दर्शनी जागी भरजरी ब्लाऊज घातलेला पुतळा. सातपूरच्या माझ्या गाळ्यात तसा पुतळा ठेवला, तर मला बाहेर बसून शिवावं लागेल.

हा गाळा आधी आमचा दोघींचा होता. शिवणक्लासही आम्ही बरोबरच केला. कापायची ती, शिवायची मी. मग तिने स्वतःचं दुकान काढलं. भांडून गेली असती तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण बाई नीट विचारून, पेढे देऊन गेली.

त्यानंतर माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई तिचं कौतुक करायला लागली. "तुमच्या मैत्रिणीचं फिटिंग काय सुंदर असतं हो!" हे मला सांगायचं आणि वर साडी पुढे करायची, फॉल-पिकोसाठी. चांगले ब्लाऊज तिच्याकडे, साडीच्या कडा माझ्याकडे. तिच्या हातात असं काय आहे, जे माझ्या हातात नाही? तिचा एक ब्लाऊज उसवून बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

माझी नणंद नुकतीच अंबडला राहायला आली होती. मैत्रिणीने तिला कधी पाहिलं नव्हतं. मी नणंदेला हिरवा खण घेऊन दिला आणि मैत्रिणीकडे पाठवलं. नणंद गावाकडे तयार ब्लाऊज घालणारी, तिच्याकडे मापाला द्यायला अंगाला बसणारा जुना ब्लाऊज नव्हता. ती चणीने माझ्याएवढीच, म्हणून मी माझा दिला, त्यातल्या त्यात बरा शिवलेला.

नणंद परत येऊन म्हणाली, "तुमचा ब्लाऊज तिनं उलटा करून लय वेळ बघितला."

बघू दे, म्हटलं. माझी हातशिलाई बघण्यासारखीच आहे.

ब्लाऊज शिवून आला. नणंदेने आमच्याकडेच घालून बघितला आणि तोंड वाकडं केलं. डावीकडे ठीक होता, उजवा खांदा मात्र ओढत होता, काखेतही काचत होता. "वहिनी, एवढं नाव ऐकलं व्हतं हिचं. हिला तर खांदाबी जमत नाय."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी नणंदेला शिरा करून खायला घातला. दुसऱ्या दिवशी फॉलची साडी घेऊन आलेल्या बाईला सहज बोलल्यासारखं सांगितलंसुद्धा, की मोठ्या दुकानातसुद्धा खांदे चुकतात हो.

ती बाई गेल्यावर मी ब्लाऊज उसवायला घेतला. टाके काढण्याआधी दोन्ही खांदे एकावर एक ठेवले. उजवा बोटभर खाली कापलेला होता. त्या बेताने मुंढा, म्हणजे काखेचा घेरही उतरवला होता. कात्री कुठेही अडखळलेली नव्हती. चुकून इतकं नीट कापता येत नाही.

मग मी माझा मापाचा ब्लाऊज उलटा केला. उजव्या खांद्याला आतून सेफ्टीपिनची बारीक भोकं होती, ओळीने. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून माझा उजवा खांदा उतरलाय. ब्लाऊज त्या बाजूने घसरतो, म्हणून मी पिन लावते. गिऱ्हाइकांच्या पाठीचं पोक, पुढे आलेलं पोट, सगळं मी बिनबोभाट कापडात सामावून घेते. स्वतःचे खांदे मात्र मी सारखेच कापत आले. शिवणाऱ्या बाईचंच अंग वाकडं, हे मला कापडावरसुद्धा मान्य करायचं नव्हतं.

मी गाळ्याचा पडदा ओढला आणि तिचा हिरवा ब्लाऊज घातला. आरशात दोन्ही खांद्यांवर तो गप्प बसून होता. पिन लावायला हात वर गेला, तर धरायला कापडच सैल नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला. ज्याच्यासाठी तिचा एवढा हेवा करत होते, ते तिने माझ्यासाठीच शिवून पाठवलं होतं, आणि एका शब्दाने मला उघडं पाडलं नव्हतं. असा चांगुलपणा तरी माझ्याकडे कुठे आहे? म्हणजे हेवा करायला आणखी एक गोष्ट झाली.

नणंदेला दुसरा खण आणून मी स्वतः शिवून दिला. हिरवा ब्लाऊज घालून एका दुपारी कॉलेज रोडला गेले आणि या वेळी काचेचं दार ढकलून आत शिरले. मैत्रीण कापत होती. तिने मान वर केली, आधी माझ्या उजव्या खांद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसला ना?" तिने विचारलं.

किती तरी बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "गळा जरा मोठा झालाय."

गळा मोठा झालेला नव्हता. तिलाही ते दिसत होतं. तरी तिने कात्री खाली ठेवली, मानेभोवतीची टेप काढली आणि म्हणाली, "ये, उभी राहा इथे. बघू."